राजघाटावरचा लाल पंचा

गेल्या कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, बस स्टार्ट झाल्यावर, भिकनमामांना होडीच्या स्पर्धेला निघालेल्या विद्यापीठाच्या बसमधून पिशवीसकट खाली उतरवलं. कारण सांगितलं, कोच असल्याचं सर्टिफिकेट नाही. उतरवणाऱ्या क्रीडा विभागाच्या साहेबांना स्वतःला पोहता येत नाही, हेही इथं लिहून ठेवते.

मामा कोण, हे राजपुऱ्यात कुणालाही विचारा. "तो उलटा बसणारा ना?" म्हणतील. मामा कुठंही बसले तरी पाठ पुढं आणि तोंड मागं. माझ्या स्कूटीवरसुद्धा! मागून येणाऱ्या केळीच्या ट्रकशी गप्पा चालू असतात. "ओ भैया, आरामसे! तुला मी बघून राहिलो, ही पोरगी नाही!" ट्रकवाले हसतात, मी लाजेनं अर्धी होते. तरुणपणी फौजेत मामा होडीच्या शर्यती मारायचे. होडी वल्हवणारा पाठ पुढं करूनच बसतो. फौज सुटली, नंतर पेपर मिलची नोकरीही संपली. बसणं तेवढं राहिलं.

विद्यापीठाच्या संघातल्या आम्ही चौघींनी वल्हं कधी हातात धरलं नव्हतं. मामा आपणहून शिकवायला आले. राजघाटाच्या खालच्या पायरीवर, खांद्यावर लाल पंचा टाकून उभे राहायचे आणि ओरडायचे, "सरिता, चप्पू आहे तो! वरण काहून घोटून राहिली?"

आमच्या होडीत सुकाणू धरणारं कुणी नाही. मी मान वळवून पुढं बघितलं की होडी डगमगायची.

"पुढं काय बघते? सासर आहे का तिकडं? मागं बघ! नजरेनं माझा पंचा होडीच्या शेपटावर धर. पंचा सरकला, तर समज तू सरकली."

तशा आम्ही तापीवर सरळ जायला शिकलो.

स्पर्धेला मामांशिवाय गेलो. तलाव अनोळखी. शिट्टी वाजली आणि चौघींची नजर किनाऱ्यावर पंचा शोधायला लागली. एका आइस्क्रीमच्या गाडीवर लाल छत्री दिसली. तीच धरली. जोर लावून वल्हवत होतो आणि गाडीवाला गिऱ्हाईक बघत निघाला. तो वळला तशा आम्हीही वळलो, ते थेट शेजारच्या होडीत घुसलो.

"डोळे कुठं होते तुमचे?" साहेब.

"आइस्क्रीमवर," सरिता म्हणाली.

खापर मामांवर फुटलं. बाहेरच्या माणसानं मुलींना भलतं शिकवलं म्हणे! आता सरावाच्या वेळी मामांनी घाटावर फिरकायचं नाही, असा विभागाचा हुकूम आहे.

मामांना छत्रीची गोष्ट सांगितली. खोकला येईपर्यंत हसले. मग पंच्याची घडी घालत बसले.

"कुसुम उभी राहायची त्या पायरीवर," म्हणाले. "तुमची मामी. सुटीत आलो की मी भोयांची होडी मागून घ्यायचो. ती हा पंचा घेऊन उभी. मी ठिपका होईपर्यंत हलायची नाही. ती गेल्यावर एकदाच बसलो. पायरी रिकामी होती. होडी सरळ जाईच ना, बेटा."

"आता बसता का, मामा? आमच्याबरोबर?"

"अन् पायरीवर कोण?"

घरी येऊन मी हे पत्रक लिहायला घेतलं.

येत्या रविवारी सूर्य उगवताना आम्ही मामांना होडीत बसवणार आहोत. सरिता आपली जागा त्यांना देऊन पायरीवर उभी राहील. तिला एकटीला विभागाचा चौकीदार हुसकून लावेल. माणसांनी भरलेली पायरी त्याला हुसकता येणार नाही. म्हणून तुम्ही या. अंगावर, हातात, काहीतरी लाल असू द्या. आणि मामा ठिपका होईपर्यंत तिथून हलू नका.