गल्लीभर रक्त

शेवटचं दारही तोंडावर आपटलं, तेव्हा तंत्रज्ञाच्या बर्फाच्या पेटीतल्या सगळ्या नळ्या कोरड्या ठणठणीत होत्या. साथीचा आजार शहरात किती जणांना होऊन गेला, ते रक्तातल्या अँटीबॉडीवरून मोजायचं काम चालू होतं. घरं संगणकाने निवडलेली, ती बदलायची सोय नव्हती. आणि या गल्लीत संगणकाने नेमकी सगळी तऱ्हेवाईक मंडळी वेचून काढली होती. शिंप्याने खिडकीतूनच कात्री दाखवली. निवृत्त मुख्याध्यापिका बंद दाराआडून खोकत खोकत म्हणाल्या, "आम्हाला काही झालेलं नाही! निघा!"

रिकामी नळी आणलीत तर उद्यापासून येऊ नका, असं डॉक्टर मॅडमनी सकाळीच बजावलं होतं. बिचारा दुपारी घरी जेवायला बसला, पण लक्ष सगळं पेटीकडे. समोर सोफ्यावर बायकोचा भाऊ पसरला होता. त्याचा हात खाली लोंबत होता आणि हातावरच्या शिरा अशा टरारून फुगल्या होत्या, की तंत्रज्ञाच्या मनात पाप आलं.

"भाऊजी, अहो किती काढताय?" चौथ्या नळीला मेहुणा कळवळला.

"गल्लीभर," तंत्रज्ञ पुटपुटला.

अहवाल आला त्या दिवशी मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "कमाल आहे! अख्ख्या गल्लीला होऊन गेलाय. एकही घर सुटलं नाही!"

तंत्रज्ञाने अहवालाकडे न बघताच मान डोलावली.

"म्हणजे या लोकांना आता लसीची घाई नाही. त्यांच्या वाट्याची लस दुसरीकडे वळवते." मॅडमनी फोन उचलला आणि नंबर फिरवला.

तिकडे घंटी वाजत होती आणि इकडे तंत्रज्ञाच्या कानात बंद दाराआडचा तो खोकला. नोकरी जाणार, हे दिसत होतं. पण लसीवाचून मुख्याध्यापिकाबाईंना काही झालं तर?

"मॅडम, थांबा! ते रक्त माझ्या मेहुण्याचं आहे."

"कुठलं?"

"सगळंच."

मॅडमनी फोन ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "एक वेळ रिकामी नळी चालेल, खोटी चालणार नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मागे त्या नेमकं उलटं म्हणाल्या होत्या, पण आठवण करून द्यायची ही वेळ नव्हती. "लोकांना खरं काय ते सांगा. संध्याकाळपर्यंत त्याच घरांतलं रक्त आणा, नाहीतर राजीनामा."

तंत्रज्ञाने जीव मुठीत धरून मुख्याध्यापिकांची बेल दाबली.

"परत तुम्ही?"

"रक्त नको, बाई. माफी मागायला आलोय. तुमच्या नावावर मी दुसऱ्याचंच रक्त दिलं. त्यात आजार निघाला."

खाडकन दार उघडलं. "कोणाचं रक्त?"

"मेहुण्याचं."

"काय करतात ते?"

"सध्या तसं... काही नाही."

"म्हणजे सरकारदरबारी मी आजारी? आणि तेही एका रिकामटेकड्याच्या रक्ताने?" बाईंनी बाही खांद्यापर्यंत सारली. "घ्या! आत्ताच्या आत्ता घ्या!"

वर्गाला गप्प करणारा तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. शिंपी कात्री टाकून धावत आला. ज्यांची निवडच झाली नव्हती तेही दंड दाखवत रांगेत घुसले, आणि मेहुण्याचा उद्धार करू लागले. तंत्रज्ञाला हात जोडून माणसं परत पाठवावी लागली.

संध्याकाळी भरलेली पेटी पाहून मॅडम चाट पडल्या. "कसं जमवलंत?"

"तुम्ही म्हणालात तसं. खरं सांगितलं."

"बघा!" मॅडमचा चेहरा उजळला. "अहो, कालव्यापलीकडच्या वस्तीतही कोणी दार उघडत नाहीये. उद्या तिकडे जा आणि हेच सगळं सांगा."

"पण मॅडम, तिथे मी कोणाचंच खोटं रक्त दिलेलं नाही."

मॅडमनी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

"त्यांना कुठे माहितीये?"