साडूंची नवी नळी

दातांच्या डॉक्टरांनी आपल्या रायफलला नवी नळी बसवून घेतली, ही बातमी चष्मेवाल्यांना बायकोकडून ऐन जेवताना कळली. डॉक्टर म्हणजे त्यांच्या धाकट्या मेहुणीचा नवरा. रायफल क्लबच्या संघात एकच जागा रिकामी होती आणि रविवारच्या निवड चाचणीत ती पटकावायचा दोघांचाही बेत होता. आजवर डॉक्टरांच्या जुन्या, झिजलेल्या नळीवरच चष्मेवाल्यांचा सारा नावलौकिक उभा होता. त्यांनी ताट बाजूला सारलं. साडूचं बरं झालं की आपलं पोट का दुखतं, हे दातांच्याच काय, पोटाच्या डॉक्टरलाही सांगता यायचं नाही.

संध्याकाळी ते अभिनंदनाला गेले. नळी पाहून आधी जळून खाक झाले, मग त्यांना युक्ती सुचली. नवी नळी लगेच नेम धरत नाही, आधी ती रुळवावी लागते, हे त्यांनी डॉक्टरांना समजावलं. एक गोळी झाडायची, सळईला चिंधी लावून नळी आतून लख्ख करायची, निवू द्यायची, मग दुसरी गोळी. इथवर खरं होतं. पुढची भर त्यांची स्वतःची: हे रविवारपर्यंत रोज करायचं, घाई केली तर नळी जन्मभर रुसते. साडू चिंध्या फिरवत बसला की त्याच्या सरावाचे बारा वाजणार, असा त्यांचा हिशेब.

डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "एवढं मला कुठलं जमायचं, साडूभाऊ? तुमच्यासारखा हात आहे का माझा? तुम्हीच द्या ना रुळवून. तोवर मी क्लबच्या रायफलवर सराव करतो."

नाही म्हणावं, तर पोटातलं ओठावर यायचं. चष्मेवाले हो म्हणून बसले.

काम कसंबसं उरकून टाकायचं, असं त्यांनी मनात ठरवलं होतं. पण त्या हातांना गबाळं काम ठाऊकच नव्हतं. रोज चष्म्यांचं दुकान लवकर बंद करून ते मैदानावर जात, गोळी झाडत, नळी पुसत, डोळा लावून आत बघत बसत. चिंधीवरचा गोळीच्या तांब्याचा हिरवट डाग फिका होत गेला, कागदावरची भोकं एकमेकांना चिकटू लागली. त्यांची स्वतःची रायफल मात्र कपाटात पडून राहिली. बायको कौतुकानं म्हणाली, "धाकटीच्या नवऱ्यासाठी किती करता हो."

रविवारी जागा डॉक्टरांनी पटकावली. चष्मेवाल्यांच्या गोळ्या निशाण सोडून गावभर हिंडल्या. चहाच्या वेळी डॉक्टरांनी चारचौघांत सांगितलं, की सगळं श्रेय साडूभाऊंचं. चष्मेवाल्यांना हसावं लागलं, पण आतून त्यांचा तिळपापड होत होता.

"मोठ्या स्पर्धेसाठी आणखी एक नळी मागवतोय," डॉक्टर म्हणाले. "या वेळी तुम्हाला त्रास नको. बंदुका दुरुस्त करणारा मिस्त्री आहे ना, तोच रुळवून देईल."

चष्मेवाल्यांचा कप बशीवर आदळला. हातची जागा गेली तेव्हाही त्यांचा एवढा जळफळाट झाला नव्हता.

"त्याला काय कळतंय नळीतलं?" ते म्हणाले. "आली की सरळ माझ्याकडे पाठवा. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये."