अण्णांच्या तीन चिठ्ठ्या

माणूस एक वेळ चुकीचा वागला तरी चालतं, पण त्याचं इंग्रजी चुकता कामा नये. हे सत्य ओळखून आमच्या कार्यालयाने 'क्रियापद तपासणी कक्ष' स्थापन केला. अशुद्ध इंग्रजीतल्या अर्जावर कार्यवाही करायची नाही, एवढाच त्याचा नियम. पहिल्याच वर्षी तक्रारी त्र्याऐंशी टक्क्यांनी घटल्या. (उरलेल्या कक्षप्रमुखांच्याच होत्या, पंख्याबद्दल.) मला या कक्षाचा मनापासून अभिमान आहे. मी त्याचा सदस्य आहे.

सर्वांत अवघड क्रियापद 'गेट'. आगंतुक पाहुण्यासारखं ते कुठल्याही वाक्यात घुसतं आणि हलत नाही. त्याच्यावरची आमची बारावी बैठक चालू असताना शेजारच्या रेकॉर्ड रूमच्या दाराखालून एक चिठ्ठी सरकत आली: 'डोअर इज नॉट गेटिंग ओपन.' आत रेकॉर्डकीपर अण्णा होते. शिपायाने सवयीने बाहेरून कडी घातली होती. अण्णांच्या नोकरीचा तो शेवटचा दिवस आणि पाच वाजता त्यांचाच निरोप समारंभ.

आम्ही चिठ्ठी तातडीने विचारात घेतली. 'गेट' म्हणजे मिळणे. तरी दाराला नक्की काय मिळत नाही, याचा खुलासा मागवून ती परत सरकवली. दुसरी आली: 'आय वॉन्ट टू गेट आउट.' ही निर्दोष निघाली. पण 'गेट आउट' हे शब्द वरिष्ठांना लिहावेत का, यावर मतभेद झाले आणि चहा आला. तिसऱ्या चिठ्ठीत अण्णांनी नुसतंच 'डोअर, प्लीज' लिहिलं. क्रियापदच नसल्यामुळे ती आमच्या अखत्यारीत येईना. (कडी माझ्या खुर्चीपासून दीड हातावर होती.)

खालच्या सभागृहात समारंभ वेळेवर सुरू झाला. "तीस वर्षांत अण्णांनी एकदाही तक्रार केली नाही," साहेब रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले. टाळ्या पडल्या. शेवटी अण्णांची मुलगी त्यांना शोधत वर आली आणि तिने कडी काढली.

"अहो बाबा, हाक मारायची ना."

"मारली गं. तोंडी अर्ज घेत नाहीत इथे," अण्णा हसत म्हणाले. "चल, काही खायला उरलंय का बघू."

हा प्रसंग मी आजवर चाळीस सुशिक्षितांना सांगितला. एकोणचाळीस जणांनी विचारलं, मग पहिल्या चिठ्ठीत बरोबर काय लिहायला हवं होतं? (चाळिसाव्याने ते मलाच सांगितलं.) तुम्हीही ते वाक्य मनातल्या मनात दुरुस्त केलंच असेल. कक्षात एक जागा रिकामी आहे. अर्ज करू नका, तुमची निवड झालेली आहे.