चुन्यानं आखलेली गाडी

निपाणीच्या एका खोलीत आम्ही सहा माणसं झोपायचो. आई दिवसभर विड्या वळायची, आप्पा, म्हणजे माझे वडील, बस चालवायचे. त्या खोलीत अभ्यास करून मी बी.कॉम. झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, हे मी मुद्दाम सांगते. पुढं बेळगावात नोकरी लागली, निपाणीतच अंगण असलेलं घर झालं. तर आप्पांनी त्या अंगणात चुन्याच्या रेघा मारून पुन्हा तेवढीच खोली आखली.

खोली नव्हे, गाडी. आत झोपायची, शिजवायची सोय असलेली गाडी भाड्यानं मिळते, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं आणि रिटायर झालेल्या ड्रायव्हरच्या अंगात वारं शिरलं. बेळगाव, पणजी, कारवार, गोकर्ण. समुद्राकाठच्या बागा बघून मुक्काम. आधी 'सराव' पाहिजे म्हणून ही आखणी, अगदी टेपनं मोजून.

आई वाळवण घेऊन रेघ ओलांडून आली की ते ओरडायचे, "अगं, काच फोडलीस की! दारातनं ये."

"तुमचं चाक माझ्या सांडग्यावर आलंय, ते आदी काढा."

शेजारी कुंपणावरून विचारायचे, "काय आप्पा, कुटवर पोचली गाडी?"

"थांबलीया. कंडक्टर बेळगावास्नं यायचाय."

कंडक्टर मी. पाच दिवस ऑफिस, शनिवारी बसमध्ये उभ्यानं निपाणी, आणि पिशवी खाली ठेवायच्या आत, "शिकल्यालीस न्हवं? काढ नकाशा." मी "डबल बेल" म्हटल्याशिवाय ते नकाशावरचा कणकुंबीचा घाट उतरत नसत. शहरं त्यांना स्टँडपुरतीच ठाऊक. पणजीत बघायला काय आहे विचारलं, तर म्हणाले, "कँटीनच्या मागं नळ हाय. पाणी लई ग्वाड."

आई मात्र ठाम. "मी न्हाय येणार. बापलेकी जावा."

तरी आप्पा तिची झोपायची जागा आखतच राहिले. एकदा मागं, एकदा खिडकीपाशी. दर शनिवारी पुसायची, परत आखायची. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात.

चौथ्या शनिवारी माझं डोकं फिरलं. "आप्पा, मी सरळ कारवारला लॉज बुक करते. हा ताप बास झाला."

"लॉज न्हाय."

"का न्हाय?"

आई स्वयंपाकघरात गेलेली पाहून ते हळू आवाजात बोलले. "तुझ्या चुलतभावाच्या लग्नात, हॉलमध्ये समद्या बायका वळीनं झोपल्याल्या. हिला खोकला लागला. तंबाकूचा खोकला त्यो, थांबतोय व्हय? एकेक बाई अंथरूण उचलून लांब गेली. तवापास्नं ही कुणाच्यात रात काढत न्हाय. लॉजात बी भिंतीपल्याड माणसं असत्यात. गाडीत कोण हाय? मी. मी कुटं उठून जातोय?"

त्या लग्नाला सात वर्षं झाली होती. आई पाहुण्यांकडं का राहत नाही, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी टेप गुंडाळत बसले.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज कधीच थांबला होता. आतून आई म्हणाली, "अवो, थंडी सरू द्या. थंडीत जास्त येतोय."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "सरू दे की," म्हणाले. "घाई कुणाला हाय?"

होळी झाल्यावर भाड्याची गाडी घेऊन आम्ही तिघं निघालो. आई चार रात्री घराबाहेर झोपली.