बोरकर सरांचं एंटर

विद्यापीठाचा सर्व्हर सांभाळणारे बोरकर सर एंटरचं बटण दाबण्याआधी रिकाम्या खोलीलाही विचारत, "कोणाचं काही राहिलं काय जी?" उत्तर कोण देणार? तरी ते थांबत, आणि मगच भीत भीत बोट टेकवत.

तो सर्व्हर आम्हा सगळ्या संशोधकांचा सामायिक. आपला प्रोग्राम लागणाऱ्या सामानासकट त्यावर कंटेनरमध्ये बसवायचा. सर त्याला डबा म्हणत. नवा डबा मागायला गेलं की आधी चहा पाजत, मग घाबरवत. "सगळं आतच ठेवू नको, पोट्टी. डबा पुसला का आतलंही गेलं. मंग रडत बसशील." मी हव हव म्हणायचे आणि सगळं आतच ठेवायचे.

एका दुपारी सर्व्हरची डिस्क भरली. बंद पडलेले डबे पुसल्याशिवाय कोणाचंच काम हलेना. मी तेव्हा तेलीबांध्याच्या रस्त्यावर, गाडीवर. थांबून फोन पाहिला तर सगळे मिस्ड कॉल सरांचे. माझ्या प्रबंधाचे सगळे निकाल तसल्याच एका बंद डब्यात होते. उलट फोन लावला, तर लागेना. गाडी कशी हाकली, देव जाणे.

खोलीत विभागप्रमुख ओरडत होते, "अरे भैया, दबा दो ना! सबका काम अटका पड़ा है!" सर घामाघूम, पण बटणाला हात नाही.

"तूच राहिली होती," मला पाहून ते म्हणाले. "बाकी साऱ्यांले इचारलं."

माझे निकाल बाहेर काढले, तेव्हा कुठे सरांनी बटण दाबलं. प्रमुख पाय आपटत गेल्यावर मी विचारलं, "सर, इतकं काहून भेता?"

"माही पोट्टी इथंच रिसर्च करत होती. तेव्हाबी अशीच डिस्क भरली. साऱ्यांले फोन लावले, तिलेच नाही लावला. म्हटलं, घरचीच हाय, तिले काय इचारायचं!"

मला हसू येता येता राहिलं. सरांच्या त्या एंटरने तिचं सगळं काम गेलं. तिने प्रबंध सोडला, आणि घरही.

"तुह्या फोनवरून लाव न तिले," सर हळूच म्हणाले. "माहा नंबर दिसला का उचलत नाही."

मी लावला. बराच वेळ रिंग वाजली. मग आवाज आला, "हॅलो, कौन?"

मी फोन सरांपुढे धरला. ते दोन पावलं मागे सरकले.

"तूच बोल, बेटा," ते पुटपुटले. "मले भेव लागते."