गवतातलं गवत

चारुलताबाई लेकीच्या बाळंतपणासाठी जळगावला गेल्या, तेव्हा "सव्वा महिन्यात येते" असं सांगून गेल्या होत्या. पण किरणला जुळं झालं. जुळ्यांचा सव्वा महिना बराच लांबतो, हे गिरधर नेहेत्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं.

गिरधरभाऊ पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. धुळ्याला देवपुरात छोटंसं घर, पुढे अंगण, आणि आता त्या घरात ते एकटे. तसं जळगाव काही लंडन नव्हे. पारोळा, एरंडोल करत एसटी दुपारच्या जेवणाआधी पोचवते. पण लेकीच्या घरी बापानं बारशाला जावं, पोटभर जेवावं आणि संध्याकाळच्या गाडीनं परतावं, अशा मताचे भाऊ होते. (दोन्ही नातवांना हातात घेऊन फोटो काढला, आणि त्यात कोण कोणता हे अजून त्यांना सांगता येत नव्हतं.) शिवाय मुक्कामाला गेले तर कारण सांगावं लागणार. "तुझ्यावाचून करमत नाही म्हणून आलो" हे वाक्य नेहेत्यांच्या घराण्यात कुठल्या पुरुषानं उच्चारल्याचं ऐकिवात नव्हतं.

म्हणून ते रोज संध्याकाळी फोन करत आणि काहीतरी विचारत.

"अगं, मोहरी कुठं ठेवलीस?"

"मसाल्याच्या डब्यात. तुमच्या नाकासमोर."

"बरं बरं. आणि हळद?"

"तिच्या शेजारी. जेवलात?"

मोहरी त्यांच्या हातातच असायची. फोन ठेवला की ते तो डबा उगाच पुसून ठेवत. घरात बांगड्यांचा आवाज नव्हता, "चहा गार होतोय" असं कुणी ओरडत नव्हतं, आणि चहा बिचारा रोज गार होत होता.

संक्रांतीनंतरच्या एका संध्याकाळी चारुलताबाई फोनवर म्हणाल्या, "इथं किरणच्या खिडकीतून केळीची बाग दिसते हो. सकाळी नुसतं बघत बसते मी. डोळे निवतात. आपल्याकडे मेलं नुसतं ऊन आणि फुफाटा."

बाई यावलकडच्या. केळीच्या सावलीत लहानाच्या मोठ्या झालेल्या. लग्न होऊन धुळ्याला आल्या त्या दिवशी अंगणाकडे पाहून त्यांनी विचारलं होतं, "इथं काहीच उगवत नाही का?" भाऊंनी तेव्हा "उगवेल की" म्हटलं होतं, आणि नंतर नोकरीभर दुसऱ्यांच्या शेतात पाणी सोडायच्या फायली लिहिल्या.

फोन ठेवून भाऊ अंगणात जाऊन उभे राहिले. केळीची बाग काही तिथं मावली नसती. मग त्यांनी ठरवलं, लॉन लावायचं. चारू येईल, फाटक उघडेल, आणि समोर हिरवंगार! ती पुन्हा कुठं जायचं नाव काढणार नाही.

नर्सरीवाल्यानं चार जाती दाखवल्या. त्यातली मेक्सिकन भाऊंना आवडली. बारीक पात्याची, गालिच्यासारखी मऊ. त्यांनी माती आणली, शेणखत आणलं, आणि दोन दिवस ओणवं होऊन एकेक ठोंब लावला. तिसऱ्या दिवशी कंबर सरळ होईना.

शेजारचे प्रेमराज आबा कुंपणावरून हे पाहत होते. आबा शिंदखेड्याचे, सारी हयात शेती केलेले, आता मुलाकडे राहायला आलेले.

"भाऊ, हाई काय लाई राह्यनात?"

"लॉन, आबा."

"म्हंजे गवत?"

"तसं गवतच. पण लॉन."

"आमनं शिंदखेडाकडे गवत उपटता उपटता जलम गया," आबा म्हणाले, "नि तुम्ही इकत लईसन लावतस!"

दोन-तीन आठवड्यांत अंगण खरोखर हिरवं झालं. भाऊ हरखले. मग चष्मा लावून वाकून पाहिलं, तर त्या हिरव्यात मेक्सिकन थोडी आणि बाकीची मंडळीच जास्त. शेणखत कच्चं निघालं होतं आणि त्याच्याबरोबर अख्ख्या तालुक्याचं बी आलं होतं. घोळ होती, दुधी होती, एका कोपऱ्यात गाजरगवत होतं, आणि सगळीकडे लव्हाळा.

घोळ, दुधी सहज निघाली. गाजरगवत त्यांनी हातमोजे घालून, फुलावर यायच्या आत काढलं. लव्हाळ्याचं मात्र वेगळंच. आज उपटावा, तर वरचा शेंडा हातात येतो, गाठ राहते जमिनीत, आणि चार दिवसांत तिथं दोघे उभे. भाऊ मोबाइलवर व्हिडिओ पाहायला लागले. रोज थोडं थोडं पाणी शिंपडू नका, एकदाच पण खोल मुरेल असं द्या. गवत मुळापर्यंत कापू नका, दाट होऊ द्या, म्हणजे तणाला शिरायला जागा राहत नाही. माती ओली करून लव्हाळा गाठीसकट खणून काढा. भाऊंनी सगळं पाठ केलं. सकाळचा चहा झाला की ते खुरपं घेऊन अंगणात बसत, ते ऊन डोक्यावर येईपर्यंत.

"पप्पा, या ना इकडे आठ दिवस," किरण फोनवर म्हणाली.

"नाही गं जमणार. पाणी कोण घालील?"

"कशाला पाणी?"

"तुळशीला," भाऊ घाईघाईनं म्हणाले. चारुलताबाईंना परत आणण्यासाठी लावलेल्या हिरवळीपायी चारुलताबाईंना भेटायला जाता येत नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. आलं तेव्हा त्यांनी खुरपं खाली ठेवलं, आणि समोर लव्हाळा दिसला म्हणून पुन्हा उचललं.

मग एका संध्याकाळी घोटाळा झाला. फोन चालू असताना आबा फाटकात आले. भाऊंनी "थांब हं" म्हणून फोन खिशात टाकला, तो बंद करायचं राहून गेलं.

"काय भाऊ, कशी शे तुमनी ती?" आबांनी विचारलं.

"मेक्सिकन? आता जरा अंग धरतेय. फार नाजूक जात. अजून कुणाला जवळ येऊ देत नाही मी."

"नि खायाले?"

"महिन्यातून एकदा. जास्त झालं तर पिवळी पडते. पाणी मात्र सकाळी पोटभर. संध्याकाळी दिलं की रोग होतो."

"वहिनीले माहीत शे का?"

"छे! तिला बोलू नका हं. ती यायच्या आत अंगणभर झाली पाहिजे, बस."

खिशातून फोन काढेपर्यंत तो बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी मोहरीचं विचारलं, तर पलीकडून नुसतं "हं" आलं. हळदीलाही "हं." शेवटी चारुलताबाई म्हणाल्या, "हे बघा, ती घरात आहे तोवर मी काही यायची नाही. स्पष्ट सांगते." आणि फोन ठेवला.

भाऊंना कळेना. ती म्हणजे कोण? घरात तर धुणंभांडी करणाऱ्या भिकुबाईशिवाय कुणी येत नव्हतं. भिकुबाई त्यांच्याकडे कित्येक वर्षांची, भाऊंपेक्षा वयानं मोठी, कानानं कमी. तिच्याशी चारूचं काय बिनसलं? पण चारू यायला हवी होती. भाऊंनी खूप धीर गोळा केला आणि खाली बघत म्हणाले, "भिकुबाई, काही दिवस येऊ नका."

"मन्हं काय चुकनं, भाऊ?"

"तसं नाही. वहिनींचं म्हणणं आहे."

"वहिनी आसं सांगाव नही," भिकुबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मी इचारस त्यासले." आणि तरातरा निघून गेली. भाऊ भांडी घासायला बसले. राखेत हात घालून त्यांनी विचार केला, की आता एकच उपाय उरला. लॉन झटपट तयार करून फोटो पाठवायचा. म्हणजे राग पळेल. मध्ये फक्त लव्हाळा आडवा होता.

ते शेतीऔषधांच्या दुकानात गेले. दुकानात शेतकऱ्यांची गर्दी.

"बोला काका, काय मारायचंय?" दुकानदारानं विचारलं.

"गवत."

"कशातलं?"

"गवतातलं."

दुकानदार थांबला. "पीक कोणतं आहे तुमचं?"

"गवत."

"आणि तण?"

"तेही तसं गवतच. गवतासारखंच."

"म्हणजे गवतातलं गवत मारायचं, आणि गवत ठेवायचं?"

"बरोबर!" भाऊंना हायसं वाटलं.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. एका पागोटेवाल्यानं दुसऱ्याला हळूच कोपरानं ढोसलं. भाऊंचे कान तापले. दुकानदार खरं तर आणखी काही विचारणार होता, गवताचं नाव वगैरे. पण भाऊंना तिथून सुटायचं होतं. ते म्हणाले, "जाऊ द्या. बांधावर मारायचंय, मोकळ्या जागेत."

"असं बोला ना!" दुकानदारानं पटकन बाटली दिली. "काही शिल्लक राहणार नाही, बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी रेनकोट घातला, हेल्मेट घातलं, नाकाला फडकं बांधलं आणि पाठीवर पंप घेतला.

"कथा चालनात भाऊ," आबांनी कुंपणावरून विचारलं, "चंद्रवर का काय?"

भाऊंनी उत्तर दिलं नाही. (हेल्मेटमधून दिलं होतं, पण बाहेर पडलं नाही.)

दोन-चार दिवसांत लव्हाळ्यानं मान टाकली. भाऊंनी आनंदानं साखर घालून दूध प्यायलं. मग मेक्सिकनही टोकाला पिवळी दिसायला लागली. तहानली असेल, म्हणून त्यांनी पाणी दिलं. आणखी पिवळी पडली. आठवडा सरता सरता अंगणभर दारातल्या पायपुसण्यासारखा रंग पसरला, आणि त्या पायपुसण्यातून एका सकाळी एक हिरवागार, ताजा, टोकदार कोंब वर आला. लव्हाळा. गाठी खाली सुखरूप होत्या.

भाऊ पायरीवर बसले. पाणी द्यायला काही नव्हतं, काढायलाही मन नव्हतं. इतकं रिकामं त्यांना निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. चारुलताबाई! एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, आणि छत्री काठीसारखी उगारलेली. भिकुबाईचा फोन काल रात्री कुठं लागला होता. बाई जळगावची पहिली एसटी पकडून आल्या होत्या, आणि रागात आल्या की त्यांच्या तोंडी माहेरची भाषा येई.

"कुठी हाये ती?"

"कोण?"

"ती मेक्सिकन!"

भाऊंचा चेहरा उतरला. "गेली गं. मेली."

छत्री खाली आली. "मेली? अगंबाई! कशानं?"

"मीच मारली. चुकून. औषध घातलं."

"तुम्ही इख घातलं?" चारुलताबाई पायरीवर बसल्याच. "अहो, मला नको होती हे खरं, लहानपणी कुत्रं चावलं होतं मला, पण म्हणून मुक्या जिवाला... पुरली कुठं?"

"पुरायची कशाला? ही काय, इथंच आहे. तुझ्या पायाखाली."

चारुलताबाईंनी किंचाळून पाय वर घेतले. मग खाली पाहिलं. मग भाऊंकडे पाहिलं. हळूहळू, एकेक शब्द जुळवत दोघांना सगळं कळलं: कुत्री कोण होती, 'ती' कोण होती, अंगणभर काय होणार होतं. किरणनं तर मोबाइलवर मेक्सिकन कुत्र्याचे फोटोही आईला दाखवले होते.

चारुलताबाई पदर तोंडाला लावून हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी त्या वाळल्या गवतावरून हात फिरवला आणि विचारलं, "पण हे कशापायी केलंत एवढं?"

"डोळे निवतात म्हणालीस ना," भाऊ म्हणाले. "तिकडं. म्हटलं, इथंही निवले तर..." पुढचं वाक्य त्यांना काही जमेना. "मोहरी संपलीय," ते म्हणाले.

चारुलताबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "उठा. कपडे भरा. आता इथं पाणी घालायला काही उरलं नाही. चला जळगावला."

भाऊंनी इतक्या झटपट आयुष्यात बॅग भरली नव्हती. घराची किल्ली भिकुबाईच्या हातात ठेवून त्यांनी तिची माफीही मागितली (तिनं ती दोनदा मोठ्यानं म्हणायला लावली). एसटीत दोघांना शेजारी जागा मिळाली. पारोळा गेल्यावर चारुलताबाईंचा डोळा लागला आणि डोकं भाऊंच्या खांद्यावर आलं. खांदा बधिर झाला, तरी एरंडोल, पाळधी मागे पडून जळगाव येईपर्यंत त्यांनी तो हलवला नाही.

रात्री लेकीकडे भाकरी आणि शेवभाजी जेवताना भाऊंना वाटलं, आपण उगाच इतके दिवस अडून बसलो होतो.

सकाळी उठून पाहतात, तर चारुलताबाई पिशवी भरून तयार.

"कुठं निघालीस?"

"यावलला. भावाकडे. किती महिने झाले, माहेर डोळ्यांपुढं येतंय नुसतं. पण किरणजवळ ठेवायला विश्वासाचं माणूस नव्हतं. आता तुम्ही आहात ना!"

भाऊ बसस्टँडवर पोचवायला गेले. गाडी लागली, चारुलताबाईंनी खिडकी धरली. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की 'जाऊ नकोस' म्हणायचं भाऊंनी रद्द केलं.

"कधी येशील?"

"बघू." मग त्या खिडकीतून खाली वाकल्या. आवाज एकदम मऊ झाला. "अहो, जरा जवळ या. एक सांगायचं कालपासून मनात आहे."

 भाऊ टाचा उंचावून खिडकीला कान लावून उभे राहिले. कंडक्टरनं घंटी दिली.

"धाकटा रडला ना, तर तुम्ही गाणं म्हणू नका. रात्री म्हटलंत, तर थोरलाही उठला, आणि खालच्या मजल्यावरून विचारायला आले, घरात काय झालं म्हणून."