बोगद्यात सुटलेला हात

"आईचा हात तेवढा सोडू नका," बायकोनं निघताना तीनदा बजावलं होतं. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठवडा झाला होता. डोळ्यांवर काळा चष्मा. डॉक्टर म्हणाले, सपाट रस्त्यावर फिरा. आणि गावात सपाट रस्ता एकच. रेल्वे बंद झाली, रूळ उचलले, खडीवर मुरूम दाबला आणि जिथून गाड्या धावायच्या तिथून लोक फिरायला जाऊ लागले. त्याच वाटेनं जावई सासूबाईंचा हात घट्ट धरून, घाम पुसत निघाला.

"हळू चला. केवढी झुडपं वाढलीत! कुणाचं लक्षच नाही," सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा बोगद्यापर्यंत अखंड चालू होता.

बोगद्याच्या मध्यावर दिवे गेले. मागून सायकलींच्या घंटा आणि "बाजूला व्हा!" असा गलका. सगळे भिंतीकडे पळाले. त्या रेटारेटीत हात सुटला. चाचपडत जावयानं पुन्हा हात पकडला आणि तडक बाहेरची वाट धरली. सासूबाई चक्क गप्प होत्या. आतला गारवा मानवला असावा.

उजेडात येऊन बघतो तो काय, चष्मा तसाच काळा, पण चेहरा भलताच!

"तुम्ही... तुम्ही कोण?"

"हात तुम्हीच धरलात. मला वाटलं, नगरपालिकेनं सोय केली असेल," आजी हसल्या.

तेवढ्यात बायकोचा फोन. आवाज नुसता खरखरत होता. "अहो, आईला द्या बघू."

"आई... त्या..." जावई अडखळला. त्याचा रडवेला आवाज ऐकून आजींनीच फोन काढून घेतला. "झकास फिरवतोय गं! गुणी आहे, जप त्याला," म्हणाल्या आणि फोन बंद.

आजींना घेऊन जावई पुन्हा बोगद्यात घुसला. त्या मिट्ट काळोखातून ओळखीचा आवाज आला, "पाय उचला, जावईबापू! मी मुलीला तेव्हाच सांगितलं होतं..."

"कुणी आहे का हो?" शेजारून एक पुरुषी आवाज कुजबुजला. "या तुमच्या का? घ्या, आणि माझी मावशी द्या!"

सासूबाईंचं वाक्य संपायच्या आत अदलाबदल झालीसुद्धा.

घरी बायको कौतुकानं म्हणाली, "आई, फोनवर यांची किती स्तुती केलीस गं!"

सासूबाईंनी चष्मा काढून जावयाकडे निरखून पाहिलं.

"केली असेन," त्या म्हणाल्या. "त्या बोगद्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं."